आजारी माणसाच्या घरी येऊन विश्वास मोजू नका

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत संकटात आशावादी कसं राहायचं यावर एक लेख होता. मी तो दोनदा वाचला. लेख चांगल्या मनाने लिहिलाय यात शंका नाही, पण त्यात असं म्हटलंय की ज्यांचा देवावर पक्का विश्वास असतो त्यांना टेंशन येतच नाही, आणि ते वाचल्यापासून मला चैन नाहीये. आमच्या घरात साडेचार वर्षं झाली डायलिसिस चालू आहे, प्रार्थना पण चालू आहे, आणि टेंशन पण येतं, रात्री दोन वाजता येतं आणि पहाटेपर्यंत जात नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. लांब झालं तर काटछाट करा, पण गुड फ्रायडेचा भाग तेवढा ठेवा अशी विनंती आहे.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आजे सासरे नगरकडून इकडे आले आणि इंदूरचेच झाले, त्यामुळे घरात मराठी, बाहेर हिंदी, सकाळी पोहे-जलेबी, आणि रविवारी दहाला उपासना असं आमचं सगळं. इथे बऱ्याच जणांना मराठी ख्रिस्ती म्हटलं की नवल वाटतं, पण इंदूरला आपली मंडळी जुनी आहे, कॅनडाचे मिशनरी इथे 1877 मध्ये आले आणि ख्रिश्चन कॉलेज 1887 चं आहे. मी स्वतः तीस वर्षं शाळेत शिकवलं. यांची बँकेची नोकरी होती. रिटायर झाल्यावर दोन वर्षांतच यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, शुगर जुनी होती, आणि तेव्हापासून सोमवार बुधवार शुक्रवार, प्रत्येक वेळी चार तास मशीनवर.

ज्यांच्या घरी हे आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडं सांगते. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. आमच्या डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर सांगितलंय, त्यात चहा आला, वरण आलं, गोळ्या घ्यायचं पाणी पण आलं. मी सकाळी एका बाटलीत पाऊण लिटर पाणी भरून ठेवते आणि हे जे काही पातळ घेतील तेवढं त्यातून काढून झाडाला घालते, म्हणजे बाटलीकडे बघितलं की किती उरलं ते कळतं. इंदूरच्या मे महिन्यात दुपारी चारला ती बाटली रिकामी असते आणि रात्र व्हायची असते. मग बर्फ. एक छोटा तुकडा तोंडात धरायचा आणि हळूहळू विरघळू द्यायचा. बटाटा आधी कापून पाण्यात भिजवायचा, मग उकडायचा, ते पाणी फेकायचं, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. केळं नाही, नारळपाणी नाही, संत्रं नाही. आणि भेटायला येणारे नेमकं हेच घेऊन येतात, प्रेमानेच आणतात बिचारे.

यांच्या डाव्या हातावर फिस्टुला आहे. छोटं ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडतात, तिथे बोट ठेवलं की आतून घुरघुर लागते, मांजर मांडीवर बसल्यावर घुरघुरतं ना तसं. ती रोज बघायची असते. घुरघुर आहे म्हणजे रक्त वाहतंय. सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी मी तिथे बोट ठेवते, मग दात घासते.

2023 च्या जानेवारीत एका सकाळी बोट ठेवलं आणि काहीच लागलं नाही.

पुन्हा ठेवलं, जागा बदलली, कान लावून पाहिला. हे माझ्याकडे बघत होते आणि मी यांच्याकडे बघत नव्हते. रक्ताची गाठ झाली होती आत. धावपळ झाली, तो फिस्टुला गेलाच, मानेत नळी घालावी लागली, आणि नवीन फिस्टुला तयार होईपर्यंत महिनोन् महिने ती नळी, ताप येऊ नये म्हणून रोज जीव मुठीत. त्या दिवसांत मी देवावर भयंकर रागावले होते हे इथे स्पष्ट लिहिते. प्रार्थनेला बसले की शब्दच यायचे नाहीत, आणि आले तर भांडणाचेच.

आणि त्याच आठवड्यात एक गृहस्थ घरी आले. कोण, कुठले, कोणत्या मंडळीचे ते मी लिहिणार नाही, त्याची गरज पण नाही. त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, ते ठीक, कोणी प्रार्थना केली तर आनंदच आहे. पण जाताना चप्पल घालता घालता मला म्हणाले, ताई, घरात कुठेतरी विश्वास कमी पडतोय, नाहीतर एव्हाना चांगलं झालं असतं. हे आत पलंगावरून ऐकत होते. मी दार लावून आत आले तर हे भिंतीकडे तोंड करून होते. खूप वेळाने एवढंच म्हणाले, माझ्यामुळे तुला बोल लागला ना.

संपादक महोदय, साडेचार वर्षांत सुया टोचल्या, पैसे गेले, मानेत नळी राहिली, पण त्या एका वाक्याने जेवढं दुखावलं तेवढं कशानेच नाही. म्हणून तुमच्या लेखातलं ते वाक्य मला लागलं. लिहिणाऱ्यांचा हेतू तसा नसेल, पण वाक्य तेच आहे, फक्त उलट्या बाजूने.

त्या रात्री झोप लागली नाही तेव्हा मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं ते विश्वास वाढावा म्हणून नाही, खरं सांगायचं तर त्या गृहस्थांना उत्तर सापडावं म्हणून. आणि सापडलं. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, जिथे नुसते निरोप आणि नावं असतात आणि आपण भरभर वाचून टाकतो, तिथे पौल लिहितो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. एवढंच. का बरा झाला नाही, कोणाचा विश्वास कमी पडला, काही नाही. ज्या पौलाच्या हातून लोक बरे झाले असं तेच शास्त्र सांगतं तो पौल आपल्या सोबत्याला आजारी ठेवून पुढे गेला. तीमथ्याला स्वतःला पोटाचा त्रास होता, वारंवार आजारी पडायचा, त्याला पौल म्हणतो की नुसतं पाणी पिऊ नको, थोडा द्राक्षारस घे, म्हणजे औषधच सांगतो की. पौलाच्या स्वतःच्या शरीरात एक काटा होता, तो काय होता कोणालाच माहीत नाही, तो काढ म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि काटा काही निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर मिळालं. आणि त्याच्या बरोबर लूक होता, तो वैद्य होता. या सगळ्यांचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणेल का?

मी यांना उठवलं, लाइट लावला आणि त्रफिमाची ओळ वाचून दाखवली. हे म्हणाले, बरं झालं बाई, निदान त्याला टाकून नाही गेला, सांभाळणाऱ्यांकडे ठेवून गेला असेल. असेलच.

दुसरी गोष्ट रडण्याची. आमच्यातही काही लोकांना वाटतं की विश्वासू माणसाने नेहमी हसत असावं, प्रभूची स्तुती म्हणावी आणि डोळे पुसावेत. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यातली कितीतरी नुसती तक्रार आहे, किती वेळ, का, कुठे आहेस. बहुतेकांमध्ये शेवटी शेवटी सूर बदलतो, पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, सुटका झाल्याचा एक शब्द नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. मी त्या जानेवारीत तेच वाचत होते. आपल्या मराठी माणसाला तर हे वेगळं समजावून सांगायलाच नको. शेजारच्या काकू वारकरी घरातल्या आहेत, त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, अगं त्यात काय, आमची जनाबाई विठोबाला काय काय बोलली, ज्याच्यावर हक्क आहे त्याच्याशीच माणूस भांडतो. काकूंनी हे बोलता बोलता माझ्या घरातले बटाटे कापून पाण्यात टाकले पण.

आता गुड फ्रायडेचं.

त्या वर्षी 7 एप्रिलला गुड फ्रायडे होता आणि शुक्रवार म्हणजे यांचा डायलिसिसचा दिवस. आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते, प्रभू येशू वधस्तंभावरून जे सात उद्गार बोलला त्यावर एकेक मनन, मध्ये भजनं. लग्नानंतर एकही गुड फ्रायडे आम्ही चुकवला नव्हता. त्या दिवशी यांचा नंबर साडेअकराला लागला आणि मी बाहेर बाकावर बसून मोबाईलवर वचनं काढली की आपण इथेच करू. रमजान चालू होता. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, त्यांचा भाऊ आत होता, देवासकडून यायच्या, रोजा होता त्यांचा. आमची तोंडओळख होती, आठवड्यातून तीनदा भेट म्हणजे नातंच झालं होतं. त्यांनी विचारलं काय वाचताय, मी सांगितलं. त्या म्हणाल्या मोठ्याने वाचा, मला पण ऐकू द्या. मग मी मराठी वाचून हिंदीत सांगत गेले.

चौथा उद्गार आला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. इथे माझा आवाज फुटला नाही, कारण तीन महिने मी हेच बोलत होते आणि ते पाप आहे असं वाटून कोणाला सांगत नव्हते.

मग पाचवा. मला तहान लागली आहे.

मी थांबले. इतकी वर्षं हा उद्गार ऐकलाय, पाळकांची त्यावरची मननं ऐकलीत, आत्म्याची तहान वगैरे, पण त्या दिवशी मला फक्त पाणी दिसलं. आत हे मशीनवर, ओठ कोरडे पडलेले, सकाळपासून दोन घोट प्यायलेले. शेजारी ही बाई, पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, बाहेर एप्रिलचं ऊन. आणि वधस्तंभावर तो, देवाचा पुत्र असून, पाणी मागतोय. म्हणजे त्याला माहीत आहे. तहान काय असते ते त्याला तोंडाने, जिभेने माहीत आहे. मला कोणी सांगून जे समजलं नसतं ते त्या बाकावर समजलं, की मी ज्याच्याशी भांडतेय तो लांब कुठे बसून आमची परीक्षा घेत नाहीये, तो आत त्या पलंगावर आहे. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. साडेतीनला यांना बाहेर आणलं, मी थर्मासमधून बर्फाचा तुकडा काढून यांच्या तोंडात दिला. यांनी विचारलं, किती झाले उद्गार? मी म्हटलं पाच झाले, दोन राहिलेत. मग ऑटोत बसून आम्ही उरलेले दोन म्हटले.

त्यानंतर आजार बरा झाला का, तर नाही. नवीन फिस्टुला मात्र धरला. पैशाची ओढाताण आहेच, पुण्याहून मुलगी पाठवते तेव्हा महिना निघतो. पण मी पुन्हा प्रार्थना करू लागले, आणि भांडायचं असेल तेव्हा भांडते पण.

लहानपणी संडे स्कूलला आम्हाला इब्री लोकांस पत्रातलं एक वचन पाठ करायला लावलं होतं, आशा म्हणजे जिवाचा नांगर. आम्ही माळव्यातली मुलं, समुद्र कोणी पाहिलेला नाही, आम्हाला नांगर म्हणजे शेतातला नांगर एवढंच ठाऊक. मी कितीतरी वर्षं असंच समजत होते की आशा काळी माती उकरते, ढेकळं फोडते, मग पेरणी होते. नववीत असताना बाबांनी मुंबई दाखवली, भाऊच्या धक्क्यावर एका बोटीचा लोखंडी नांगर दाखवून म्हणाले, हा बघ तुझ्या वचनातला नांगर. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, आपलं चुकलं म्हणून. रोमच्या भुयारी दफनभूमीत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी कबरींवर हाच बोटीचा नांगर कोरलाय. आता वाटतं मराठीत एकच शब्द दोन्हीला आहे ते बरंच आहे, आमच्या घरात दोन्ही चालतात, एक धरून ठेवतो आणि एक उकरतो.

प्रेषितांच्या कृत्यांत सत्ताविसाव्या अध्यायात बोटीच्या नांगराची खरी गोष्ट आहे. पौलाला कैदी म्हणून रोमला नेत होते, बोटीवर दोनशे शहात्तर माणसं, चौदा दिवस वादळ, सूर्य नाही तारे नाहीत, सुटकेची आशाच सुटली असं तिथे लिहिलंय. मग मध्यरात्री पाणी उथळ लागलं तेव्हा खलाशांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि दिवस उजाडायची वाट बघत बसले. वादळ थांबलं नाही. पौलाने सगळ्यांना सांगितलं थोडं खाऊन घ्या, आणि स्वतः भाकर मोडून खाल्ली. बोट शेवटी फुटलीच. माणसं सगळी किनाऱ्याला लागली, कोणी पोहून, कोणी फळीवर. मला हा अध्याय आवडतो कारण यात बोट वाचत नाही आणि त्याबद्दल कोणी खोटं बोलत नाही.

आपल्याच मातीतलं बघायचं तर पंडिता रमाबाई. दुष्काळात आई, वडील, बहीण भुकेने आणि आजाराने गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, लग्न झालं आणि दोन वर्षं व्हायच्या आत 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात लहान मुलगी. ख्रिस्ती झाल्या त्यानंतर, 1883 मध्ये, आणि झाल्यावर दुःख संपलं असंही नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या इकडे मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना गोळा करून घेऊन गेल्या, केडगावला मुक्ती मिशन हे निराधार बायकामुलींचं घर उभं राहिलं ते त्या मुलींवर. जिने स्वतः भूक पाहिली होती तिला भूक कुठे शोधायची ते माहीत होतं. शेवटी 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा पण गेली, ज्या मुलीच्या हातात सगळं सोपवायचं होतं ती. रमाबाईंना स्वतःला ऐकू येईनासं झालं होतं, तब्येत खालावली होती, तरी मूळ भाषांवरून शास्त्राचं मराठी भाषांतर करत बसल्या, 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या तोपर्यंत. या बाईंना कोणी म्हणेल का की विश्वास कमी पडला?

आणि आपल्या इंदूरजवळचंच, सिस्टर राणी मारिया. केरळच्या, पण देवास जिल्ह्यात उदयनगरला गरीब शेतकऱ्यांबरोबर काम करायच्या, सावकाराच्या कर्जातून लोकांना बाहेर काढायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना ठार मारलं. नंतर त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्या पण सिस्टर आहेत, तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्ये त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्याचा सोहळा झाला, आम्ही कॅथलिक नाही पण आम्ही दोघं गेलो होतो, तेव्हा यांची तब्येत बरी होती. मी तेव्हा त्या राखीचा फार विचार केला नव्हता. आता करते. त्या बहिणीला राखी हातात घेऊन तुरुंगाच्या दारापर्यंत जायला किती दिवस लागले असतील, किती रात्री रडून काढल्या असतील, आणि ते रडणं राखीच्या आड येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आशा आणि टेंशन एकमेकांना घराबाहेर काढत नाहीत. आजारी माणसाच्या घरी जाल तेव्हा त्यांचा विश्वास मोजू नका, तो मोजायचा मापदंड कोणाकडेच नाही. शास्त्रातल्या ईयोबावर दुःख कोसळलं आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं काम तेच, बोलायला लागले आणि बिघडलं. आमचे पाळकसाहेब त्या फेब्रुवारीत एकदा आले, मशीन चालू असताना माझ्याऐवजी चार तास बसले, मला म्हणाले वहिनी तुम्ही घरी जाऊन झोपा. मी गेले आणि तीन तास झोपले, कित्येक आठवड्यांनी. नंतर मी यांना विचारलं काय बोलले पाळक? हे म्हणाले काही नाही, पाय दाबत होते, पायात गोळे आले होते माझ्या.

असं करा. नारळपाणी आणू नका, आधी फोन करून विचारा काय चालतं, आणि शक्य असेल तर चार तास बसा. आणि संपादक महोदय, तुमच्या पुरवणीत एखादा रविवार अशा घरांसाठी ठेवा ना, जिथे दुखणं बरं झालेलं नाही आणि होणारही नाही कदाचित, आणि तरी लोक उठतात, स्वयंपाक करतात, देवाचं नाव घेतात. मग ते कोणत्याही धर्माचे असोत. त्या देवासच्या बाईंना मी लिहायला सांगेन, त्यांचा भाऊ मागच्या वर्षी गेला, तरी ईदला त्यांचा फोन येतो आणि नाताळला माझा जातो.

आज गुरुवार आहे. बर्फाचा ट्रे भरून ठेवलाय, थर्मास धुतलाय, उद्या साडेपाचला उठायचंय. आत्ता लिहिता लिहिता यांच्या हातावर बोट ठेवून पाहिलं, यांनी डोळे मिटूनच विचारलं, आहे का? मी म्हटलं आहे.

आपली नम्र,
एक वाचक,
इंदूर